मामाच्या कारखान्यातल्या १४ खिडक्या

आजचा भाग कोडिंगचा नाही, एआयचा नाही, पगारवाढीचा तर अजिबात नाही. आज खिडक्या. लाकडी खिडक्या. आणि हो, 'विंडोज'वरचा जोक माझ्या टीममध्ये मारून झालाय, तो तुम्ही कमेंटमध्ये मारू नका.

माझ्या मामाचा कुडाळजवळ सुतारकामाचा छोटा कारखाना आहे. पत्र्याची शेड, तीन मशीन, एक जुना कारागीर आणि यंदा नव्याने आलेला १९ वर्षांचा एक पोरगा. एप्रिलमध्ये एका घराच्या १४ खिडक्यांची ऑर्डर आली. घरमालकाच्या हातात यूपीव्हीसी खिडक्यांचं कोटेशन आधीच होतं. लाकूडच हवं असा हट्ट त्यांच्या आईचा. मुलगा म्हणाला, "ठीक आहे, पण पावसात झडपा अडकल्या तर पुढच्या मजल्याला यूपीव्हीसीच." म्हणजे मामासाठी ही परीक्षाच. मी तीन आठवडे तिथून वर्क फ्रॉम होम केलं. सकाळी-संध्याकाळी कारखान्यात, मधल्या वेळात लॅपटॉप. नेटवर्क कधी येई, कधी जाई, ते सोडा.

आता झडप अडकते का? आपण सरळ म्हणतो, "लाकूड फुगलं." पण किती फुगतं, याचा हिशोब करता येतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीच्या दिशेने ते जवळपास हलतच नाही, रुंदीत हलतं. सागवानाचा आकडा साधारण असा: ओलावा १ टक्क्याने वाढला की आडवी रुंदी सुमारे ०.१९ टक्क्याने वाढते. समजा मे महिन्यात लाकडात १२ टक्के ओलावा आहे आणि जुलैत तो १८ झाला. झडपेची उभी पट्टी ७५ मिलिमीटर रुंद. ती पाऊण मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त फुगेल. एका झडपेला दोन उभ्या पट्ट्या, खिडकीला दोन झडपा, म्हणजे चार पट्ट्या. एकूण सुमारे ३.४ मिलिमीटर.

मी हा आकडा मामाला सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे एक सूत." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.२ मिलिमीटर. "उन्हाळ्यात केलेल्या खिडकेक एक सूत जास्त फट ठेवूची, पावसात केलेल्याक नको." माझी स्प्रेडशीट मी गुपचूप बंद केली.

अजून एक गोष्ट. ओंडका कसा चिरलाय, यावरही फुगणं ठरतं. फळीच्या टोकाला बघा, वर्षवलयांच्या रेषा दिसतात. त्या रेषा फळीच्या रुंद बाजूला उभ्या, काटकोनात असतील तर फुगणं जवळजवळ निम्मं होतं. वखारीत मामा प्रत्येक फळीचं टोक बघत होता ते म्हणून. मला आधी वाटायचं तो किडा शोधतोय. (तोही शोधतोच.)

लाकूड आणलं की लगेच कापायचं नाही. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या टाकून, हवा खेळेल असं रचून ठेवायचं. मग रंधा मशीन. इथे मला सगळ्यात मजा आली. रंधा मशीन दोन प्रकारची. एकावर फळीची एक बाजू सपाट होते. दुसऱ्यावर, म्हणजे थिकनेसरवर, जाडी एकसारखी होते. मी विचारलं, सरळ थिकनेसरमधूनच घातली तर? मामाने एक पिळलेली फळी घालून दाखवली. आतले रोलर फळीला दाबून सपाट करतात, पाती वरून छिलतात आणि बाहेर आल्यावर फळी परत पिळते! जाडी सगळीकडे सारखी, पण फळी वाकडीच. म्हणून आधी एक बाजू सपाट, मग तिला काटकोनात एक कड, त्या दोन्हींवर पेन्सिलची खूण. पुढची सगळी मापं त्या खुणेच्या बाजूनेच. आपल्याकडे याला सिंगल सोर्स ऑफ ट्रुथ म्हणतात आणि त्यावर दोन तासांची मीटिंग घेतात.

मापाची टेपही मामा एकदाच काढतो. एका लांब पट्टीवर खिडकीची सगळी मापं उतरवायची: चौकटीची उंची, भोकं कुठे, गज कुठे, काचेची खाच कुठपर्यंत. मग १४ खिडक्यांचा प्रत्येक तुकडा त्या पट्टीला लावून खूण करायची. टेप १४ वेळा लावली की १४ वेगळी मापं येतात, हे त्याचं म्हणणं. एकाच मापाचे सगळे तुकडे मशीनवर ओळीने कापायचे, मशीनची सेटिंग मध्ये हलवायची नाही. आधी एका टाकाऊ तुकड्यावर कुसू करून भोकात बसवून बघायचा. हाताच्या दाबाने आत गेला पाहिजे. हातोडी लागली तर घट्ट, आपोआप पडला तर सैल. कुसूची जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश. जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले की काटकोन बरोबर. मग सांध्यातून बांबूची खुंटी ठोकायची, कारण गोंद कधीतरी दमतो.

आता ज्यासाठी मी हा भाग करतोय ते.

मामाच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. मी लहान असल्यापासून तशीच बघतोय, त्यामुळे कधी विचारलंच नव्हतं. कटरवर गेली. कटर म्हणजे गोल करवत, १२ इंची ब्लेड. मोटर मिनिटाला साधारण २९०० फेरे मारते आणि ब्लेडही तेवढेच फिरत असेल तर दाताचा वेग ताशी १६५ किलोमीटरच्या पुढे जातो. शोएब अख्तरचा विक्रमी चेंडू १६१ चा होता. काहीतरी बिघडलंय हे कळून हात मागे घ्यायला आपल्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात ब्लेडचे नऊ-दहा फेरे होतात.

आणि अनेकदा हात आपणहून ब्लेडवर जात नाही. लाकडात ताण असतो. चिरताना मागचा काप मिटतो, लाकूड ब्लेडला चिमटीत धरतं. ब्लेडचे मागचे दात वर येत असतात, ते फळी उचलून माणसाच्या अंगावर फेकतात. फळी गेली की तिला धरलेला हात ब्लेडकडे ओढला जातो. मामाचं हेच झालं होतं.

यावर उपाय जुना आहे: ब्लेडच्या लगेच मागे एक पोलादी पाती. जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त, दातांच्या कापापेक्षा किंचित कमी. काप मिटूच शकत नाही. मामाच्या मशीनवर ती नव्हती. पूर्वी होती, पण ब्लेडपेक्षा उंच असल्यामुळे खाच पाडताना आडवी यायची, म्हणून काढून टाकलेली. अशा मशीन तुम्हाला गावोगावी दिसतील.

मी म्हटलं, मामा, परत बसवूया. तो हसला. "झिला, तीस वर्सा झाली, ह्या मशीन माका वळाखता."

"तुला ओळखतं मामा. त्या पोराला नाही ना ओळखत."

तो काही बोलला नाही. चहाला निघून गेला. मलाही वाटलं, जरा जास्तच बोललो का. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तो स्वतः पुठ्ठा कापून ब्लेडमागे धरून माप घेत होता. त्याच्या मशीनवर ब्लेड जागेवर असतं आणि टेबल वर-खाली होतं. म्हणून पाती टेबलाला न लावता खालच्या सांगाड्याला बोल्ट केली, उंची ब्लेडच्या वरच्या दातापेक्षा थोडी खाली. त्यामुळे खाच पाडतानाही ती काढावी लागत नाही. फॅब्रिकेशनवाल्याने अर्ध्या दिवसात करून दिली.

दुसरं काम स्टार्टरचं. आधी साधा स्विच होता. पावसाळ्यात लाईट जाते, कुणी स्विच बंद करायला विसरतं, लाईट आली की मशीन आपोआप सुरू, आणि तेव्हा कुणी ब्लेडमधला भुसा काढत असेल तर? डीओएल स्टार्टरमध्ये वीज गेली की कॉईल सुटते. परत हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. बाकी पटकन सांगतो: फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, ते अडकले की हात ओढला जातो. फळीचं शेवटचं टोक हाताने नाही, लाकडी दांडक्याने ढकलायचं. आणि मास्क. लाकडाची धूळ १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत.

दांडकं पोरगा वापरतो. मामा मी बघत असेन तेव्हा वापरतो. मास्क दोघांच्याही गळ्यातच असतो.

११ खिडक्या मेअखेर बसल्या. उरलेल्या ३ चं लाकूड उशिरा आलं, त्या आता भर पावसात होतायत, म्हणजे कमी फटीच्या. गेल्या आठवड्यात कुडाळला चार दिवस झोडपून काढलं. मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला: त्या घराची आजी एका बोटाने झडप ढकलतेय, बाहेर धो धो पाऊस. वरच्या मजल्याचं अजून काही ठरलेलं नाही. मुलगा म्हणतो, गणपतीनंतर बघू.

बिजागऱ्या आणि तेल-पॉलिश राहिलं, ते पुढच्या भागात. तुमच्या ओळखीत कुणाचा कारखाना असेल, तर कटरच्या ब्लेडमागचा एक फोटो काढून पाठवा. भेटूया.