घरचे बियाणे, घरचा रेडिओ

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी सर्वोच्च न्यायालयात 1995 च्या फेब्रुवारीत दिला. पण त्या लहरी लोकांच्या हाती यायला किती वर्षे लागली, हे माचनूरला विचारावे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, मेदक जिल्ह्यातले हे गाव. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी जोडलेल्या दलित शेतकरी महिलांसाठी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, युनेस्कोच्या मदतीने, येथे स्टुडिओ उभा राहिला. यंत्रे आली; परवाना मात्र नव्हता.

बायका थांबल्या नाहीत. ज्वारी-बाजरीचे बियाणे, रानभाज्या, सणांची गाणी त्यांनी कॅसेटवर ध्वनिमुद्रित केली आणि गावोगावच्या महिला संघांच्या बैठकांत टेपरेकॉर्डरवर ऐकवली. 2006 मध्ये सरकारने सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला केला आणि 15 ऑक्टोबर 2008 रोजी ‘संघम रेडिओ’ बोलू लागला. जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या तिथल्याच दोघींनी तो चालवला.

विकतच्या बियाण्याची जाहिरात कोणतेही केंद्र करील. घरच्या मडक्यात राखलेल्या बियाण्याची गोष्ट सांगायला मात्र केंद्रही घरचेच लागते.