नाइलाजाचे मत
(मंडळाच्या मासिक व्याख्यानात इंदूर येथे दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



आजचा विषय फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचा आहे. इंदुरात बसून आपण ती चिंता कशाला करायची, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर २०२४ साली आपल्याच शहराने दिले आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

आधी तिथली पद्धत सांगतो. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाला जनता थेट निवडते, तीही दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत अनेक उमेदवार असतात. निम्म्याहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पंधरा दिवसांनी दुसरी फेरी होते. पहिल्या फेरीत निवडायचे आणि दुसऱ्या फेरीत नको त्याला बाद करायचे, असे तिथले लोकच म्हणतात. आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे.

२००२ साली पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. डाव्यांची मते विखुरली आणि त्यांचे पंतप्रधान जोस्पँ तिसरे आले. दुसऱ्या फेरीत उरले राष्ट्राध्यक्ष शिराक आणि अतिउजवे ल पेन. शिराक यांना पहिल्या फेरीत २० टक्केसुद्धा मते नव्हती, दुसऱ्या फेरीत ८२ टक्के मिळाली! पंधरा दिवसांत त्यांची लोकप्रियता चौपट झाली काय? मुळीच नाही. लाखो डाव्या मतदारांनी मन मारून, केवळ ल पेन नको म्हणून त्यांना मत दिले. त्यानंतर सरकार मात्र उजव्यांचेच आले. ज्यांनी नाइलाजाने मत दिले, त्यांचा नाइलाज मतपेटीतच राहिला.

आता मॅक्रॉन यांच्याकडे येऊ. २०१७ साली एकोणचाळीस वर्षांचा हा तरुण उमेदवार नवा पक्ष घेऊन उभा राहिला. जुने पक्ष मोडीत निघाले होते, लोकांना नवे काही हवे होते. पहिल्या फेरीत त्यांना २४ टक्के मते मिळाली. दुसऱ्या फेरीत मरीन ल पेन यांच्याविरुद्ध ६६ टक्के. पण त्याच दिवशी ४० लाखांहून अधिक मतपत्रिका कोऱ्या किंवा बाद निघाल्या. एवढी माणसे केंद्रावर गेली, रांगेत उभी राहिली आणि दोघांपैकी कोणालाच मत न देता परतली. तिथे २०१४ च्या कायद्याने कोरी मते वेगळी मोजली जातात, परंतु वैध मतांत धरली जात नाहीत. म्हणजे मोजतात, पण जमेस धरत नाहीत.

२०२२ साली पुन्हा तीच जोडी समोरासमोर आली. मॅक्रॉन ५८.५ टक्के मतांनी जिंकले. २८ टक्के मतदार आलेच नाहीत आणि सुमारे ३० लाख मते कोरी वा बाद होती. एकूण नोंदलेल्या मतदारांचा हिशेब केला, तर त्यांना मिळालेली मते सुमारे साडेअडतीस टक्के भरतात. अनेकांनी आपल्या विचारांसाठी नव्हे, तर अतिउजव्यांना अडवण्यासाठी आपल्याला मत दिले, हे मॅक्रॉन यांनी निकालाच्या रात्री स्वतः मान्य केले, आणि या मतांमुळे आपल्यावर जबाबदारी येते असेही म्हटले.

पुढे काय झाले? २०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याचे विधेयक आले. कामगार संघटना एकत्र आल्या. सरकारच्याच मोजणीनुसार एकेका दिवशी दहा लाखांहून अधिक लोक रस्त्यावर उतरले. कनिष्ठ सभागृहात बहुमताची खात्री नव्हती, म्हणून सरकारने १६ मार्च २०२३ रोजी घटनेतील एका कलमाचा आधार घेऊन तिथे मतदान न घेताच विधेयक पुढे रेटले. त्यावरचा अविश्वास ठराव फक्त ९ मतांनी फसला.

इथे आपण दोन्ही बाजू नीट ऐकल्या पाहिजेत. मॅक्रॉन यांची बाजू अशी, की निवृत्तीचे वय वाढवणार हे मी प्रचारातच सांगितले होते आणि लोकांनी मला निवडले. मतदार म्हणाला, मी तुमचा जाहीरनामा निवडला नव्हता, मी फक्त समोरच्याला अडवले. मला विचाराल तर दोघेही खरे बोलत होते. घोटाळा असा, की मतपत्रिकेवर नाव असते, कारण लिहायला जागा नसते. मनापासून दिलेले मत आणि नाइलाजाने दिलेले मत, मोजणीच्या टेबलावर दोन्ही सारखीच. आणि निवडून आलेला माणूस, मग तो कोणत्याही देशाचा असो, नाइलाजाची मते आपल्या कौतुकाच्या खात्यात जमा करतो.

मग उपाय काय? पाच वर्षे वाट पाहणे? २०२४ मध्ये मॅक्रॉन यांनी कनिष्ठ सभागृह विसर्जित केले. नव्या सभागृहात कोणालाच बहुमत मिळाले नाही. डिसेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ अशा दोन वेळा सभागृहाने पंतप्रधान खाली खेचले. राष्ट्राध्यक्ष मात्र जागेवरच राहिले. निराशा झाली म्हणून राष्ट्राध्यक्ष बदलता येत नाही.

या ठिकाणी मला महूला जन्मलेल्या एका थोर पुरुषाची आठवण करून द्यायची आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न घेतला होता. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, असे त्यांनी सांगितले. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब दोनदा होतो. एक रोजचा, सभागृहातल्या प्रश्नांनी आणि ठरावांनी. दुसरा ठरावीक काळाने, मतदारांकडून. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला पसंती दिली ती म्हणूनच.

पण बंधूंनो, पद्धत चांगली मिळाली म्हणून आपण सुटलो असे नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत इंदुरात काय झाले ते आपण पाहिलेच आहे. माघारीच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. यंत्रावर इतर नावे होती, परंतु खरी लढत उरली नव्हती. विजयी उमेदवाराला १२,२६,७५१ मते मिळाली आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण? नोटा! २,१८,६७४ मते, देशातला तोवरचा उच्चांक. त्यातली काही काँग्रेसच्या आवाहनामुळे पडली असतील, काही निव्वळ रागाने, काही दोन्ही पक्षांच्या वैतागाने. यंत्राला हा भेद कळत नाही. विजयी उमेदवाराला मनापासून मत देणारेही लाखो होते आणि दुसरा पर्याय नाही म्हणून देणारेही. तो भेदही यंत्राला कळला नाही. सुरतला तर त्याच वर्षी मतदानच झाले नाही, उमेदवार बिनविरोध निवडून आला.

लोकसभेला नोटाला सर्वाधिक मते पडली, तरी उमेदवारांतला पहिलाच विजयी होतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक संस्थांपुरता वेगळा निर्णय घेतला, की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यावी. हे पाऊल चांगले आहे. पण तेवढ्याने भागणार नाही.

म्हणून कोणी असा अर्थ काढू नये, की मत देणेच व्यर्थ. नको त्याला अडवणे हेसुद्धा काम आहे, फ्रान्सच्या मतदारांनी ते केले. माझे म्हणणे एवढेच, की मत हा हिशेबाचा पहिला आकडा आहे, बेरीज नव्हे. फ्रान्समध्येच २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळ्या जाकिटांचे आंदोलन उभे राहिले आणि इंधनकराची वाढ सरकारला डिसेंबरात मागे घ्यावी लागली. त्यात हिंसाही झाली, तिचे समर्थन मी करणार नाही. पण निवडणूक नसतानाही सरकारला ऐकावे लागते, हे त्यातून दिसले.

आपल्याला रस्त्यावर जाळपोळ करायची नाही. आपल्याकडे साधी साधने आहेत. गणेशोत्सवात आपण नेत्यांना बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, त्यांचे भाषण ऐकतो, फोटो काढतो आणि घरी जातो. प्रश्न एकही विचारत नाही. मग निवडणूक आली, की मराठी मते आपलीच, असे प्रत्येक पक्ष गृहीत धरतो. दोष त्यांचा आहे तसा आपलाही आहे.

माझी मंडळाला एकच सूचना आहे. आपल्या भागातील नगरसेवक, आमदार आणि खासदार यांना दर वर्षी एकदा, निवडणूक नसताना, या सभागृहात बोलवावे. हार घालावा, जरूर घालावा. त्यानंतर तासभर प्रश्न विचारावेत. आपण मत का दिले आणि कशासाठी दिले नाही, हे त्यांना तोंडावर सांगावे. ती प्रश्नोत्तरे आपल्या पत्रिकेत जशीच्या तशी छापावीत, आणि जे आले नाहीत त्यांची नावेही छापावीत. मतपत्रिकेवर कारण लिहायला जागा नाही, आपल्या पत्रिकेत आहे.