मेणाची फळे आणि वैशाखाचे ऊन

(मंडळाच्या महिला शाखेच्या उन्हाळी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



उन्हाळ्याच्या दिवसांत घरच्या घरी फळांच्या आकाराच्या शोभेच्या मेणबत्त्या कशा कराव्यात, यासंबंधी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. विषय ऐकून काहींच्या मुखावर स्मित उमटलेले मला येथून दिसत आहे. नगरचा वैशाख, आणि त्यात मेण! चुलीपाशी लोणी विकावयास बसण्यासारखा हा प्रकार आहे, असे कोणास वाटल्यास मी दोष देणार नाही. आमच्या घराने त्यापायी नुकसानही सोसले आहे. ती हकीकत प्रथम सांगते. कारण या कलेतले मला जे काही कळले, ते त्या नुकसानीपासून पुढेच कळले.

माझ्या धाकट्या जाऊबाईंवर ऐन तारुण्यात वैधव्याचा घाला पडला. पदरी दोन मुली. कोणापुढे हात पसरणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मेणबत्त्या करण्याचे त्या शिकल्या आणि दिवाळीच्या दोन मोसमांत त्यांचा जम बसू लागला. अशात परगावच्या एका दुकानदाराने लग्नसराईसाठी दोनशे नग मागविले : आंबे, द्राक्षांचे घड आणि फळांच्या वेलबुट्टीच्या उंच बत्त्या. आम्ही दोघींनी रात्रंदिवस खपून माल तयार केला आणि भर दुपारी टेंपोतून धाडला. तो पोहोचला तेव्हा आंबे एका अंगाने चपटे झाले होते, द्राक्षांचे मणी एकमेकांत मुरून गेले होते, आणि उंच बत्त्या वाकून जणू पाया पडत होत्या. दुकानदाराने सारा माल परत केला. त्याचे चुकले, असे मी म्हणत नाही. परंतु मेण उधारीवर आणलेले होते. ती उधारी फेडण्यासाठी जाऊबाईंना हातातील पाटल्या मोडाव्या लागल्या.

त्यानंतर आम्ही शहाणपणाने विचार करू लागलो. पॅराफिन मेण एकाच जातीचे नसते. कोणते ४६ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर कोणते ६० अंशांच्याही पुढे. दुकानात 'मेण द्या' म्हटले की जे पुढ्यात येईल ते आपण घेतो. तेथेच पहिली चूक होते. दुसरे असे की, मेण वितळण्याच्या कितीतरी आधीच मऊ पडते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखाली अथवा बंद गाडीत उष्मा त्याहूनही अधिक. म्हणून उन्हाळ्याच्या कामासाठी ५८ ते ६० अंशांना वितळणारे कठीण मेण मागून घ्यावे, आणि किलोमागे सुमारे १०० ग्रॅम स्टिअरिक आम्ल घालावे. हा पदार्थ सुमारे ६९ अंशांना वितळतो. त्याने मेणाला कणखरपणा येतो आणि नग साच्यातून सुखाने सुटतो.

तिसरी गोष्ट आकाराची. उंच बत्ती आपल्याच भाराने वाकते. बुटक्या, गोलसर वस्तूला वाकावयास जागाच नसते. म्हणजे उन्हाळ्यात करावयाची बत्ती फळाची असावी, हे केवळ शोभेसाठी नव्हे. लिंबू, मोसंबे, पेरू, डाळिंब हे आकार आपल्या हवेला मानवतात. केळ्याच्या नादी मात्र कोणी लागू नये.

आणि नमुन्यांना आपल्या जिल्ह्यात काय तोटा! (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले; माझ्या तोंडून अद्याप 'नगर' निघते, त्याची क्षमा असावी.) राहात्याचे पेरू आहेत, श्रीगोंद्याची लिंबे आहेत, संगमनेर-पारनेरकडची डाळिंबे आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'साई सरबती' हे लिंबू आणि 'फुले भगवा सुपर' हे डाळिंब दिले. बाजारातून रबरी साचे आणण्यापूर्वी हे अस्सल नमुने हाताळावेत, असे माझे मत आहे. विकतच्या साच्यातील डाळिंबाला मुकुट असतो, पण सालीवरचा तो किंचित कोनदारपणा नसतो.

साचा असा करावा. फळास तेलाचा हात लावून ते शाडूच्या मातीत निम्मे रोवावे आणि वरच्या अर्ध्यावर प्लॅस्टर ओतावे. ते घट्ट झाल्यावर उलटून माती काढावी, प्लॅस्टरच्या कडेला साबणाचे दाट पाणी फासावे आणि दुसरे अर्धे ओतावे. मेण ओतण्यास वरच्या बाजूने भोक ठेवावे. मेण ओतण्यापूर्वी साचा पाण्यात भिजवून घ्यावा आणि पाणी निथळू द्यावे. कोरड्या प्लॅस्टरला मेण असे धरते की फळ आणि साचा दोन्ही फोडण्याची पाळी येते. सीताफळाचा मोह आवरावा. त्याचे डोळे साच्यात अडकतात. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी मोसंब्याची अर्धी साल अखंड सोलून तीतच मेण ओतावे. थंड झाल्यावर साल काढून टाकावी.

मेण निवताना आकसते आणि मधोमध खळगा पडतो. नवशिक्या बायका येथे खट्टू होतात. थोडे मेण राखून ठेवून तो खळगा पुन्हा भरावा, इतकेच. वात नंतर घालावी : स्वेटर विणण्याची सुई तापवून आरपार भोक पाडावे, मेणात बुडविलेली सुती विणीची वात ओवावी आणि फट मेणाने बुजवावी. लिंबाच्या सालीचा खडबडीतपणा हवा असल्यास नग कोमट असतानाच दात घासण्याचा जुना ब्रश त्यावर टोचत जावा.

टरबुजाची फोड हे माझे आवडते काम आहे. पसरट वाडग्यात हिरवे मेण ओतून वाडगे गोल फिरवावे आणि उरलेले ओतून काढावे. आत पातळ साल बसते. ती कोमट असतानाच पांढऱ्याचा तसाच थर द्यावा, आणि मग लाल मेण भरावे. आधीचा थर गार पडला तर पुढे तो सुटा होतो. फार कढत ओतले तर रंग एकमेकांत मिसळतात. बिया काळ्या मेणाच्याच कराव्यात. आमच्या एका भगिनीने लवंगा टोचल्या होत्या. दिसावयास सुरेख, परंतु ज्योत तेथवर पोहोचताच त्यांनी पेट घेतला आणि टेबलावरचा रुमाल जळाला.

हीच गोष्ट रंगाची व सुवासाची. खाण्याचा रंग आणि सरबताचा इसेन्स पाण्यात मिसळणारे असतात. मेणात ते मिसळत नाहीत, तळाशी बसतात आणि तडतडतात. मेणात विरघळणारा रंगच आणावा.

आता वैशाखाचा उपकारही सांगितला पाहिजे. हिवाळ्यात हाताने वळावयास घेतलेले मेण पाहता पाहता ताठरते. उन्हाळ्यात ते कणकेसारखे बराच वेळ वळत राहते. द्राक्षांचे मणी, जांभळे, डाळिंबाचे दाणे हे नाजूक काम मे महिन्यातच हाताला साधते. ओतण्याचे काम मात्र रात्री जेवणखाण आटोपल्यावर करावे. नग लवकर निवावा म्हणून बर्फाच्या पाण्यात टाकू नये. त्याला तडे जातात.

विस्तवासंबंधी मी थोडे कठोरपणे बोलणार आहे. मेणाचे भांडे कधीही प्रत्यक्ष शेगडीवर ठेवू नये. पाण्याच्या पातेल्यात ठेवावे आणि तेथून हलू नये. मेण पेटलेच तर पाणी ओतू नये, भडका उडतो. झाकण घालून गॅस बंद करावा. घरात रांगते मूल असेल तर मेणाचे फळ उंच फळीवर ठेवावे. माझ्या नातवाने लिंबाचा लचका तोडलेला आहे.

महाबळेश्वरचे श्री. भावेश भाटिया यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. दृष्टी गेल्यावर त्यांनी मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत ही कला शिकून घेतली, महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर माल मांडला आणि पुढे 'सनराइज कँडल्स' हा उद्योग उभारून कित्येक अंध बांधवांना काम दिले. तेथील थंड हवा आपल्याला नाही, ही तक्रार मी पूर्वी करीत असे. ज्या कामगिरीत मनुष्याने डोळ्यांवाचून चालवून घेतले, तेथे हवेचे गाऱ्हाणे सांगणे पुढे मला प्रशस्त वाटेनासे झाले.

किमतीविषयी एकच सांगते. आपल्या बायका मेण, रंग आणि वात यांची बेरीज करतात, तीवर दहा रुपये चढवतात आणि स्वतःचे तास धरीतच नाहीत. वर ज्ञातीतील गिऱ्हाईक आले की 'घरचेच तर आहे' म्हणून तेही सोडून देतात. घेणाऱ्यांनीही हे मागू नये, अशी माझी या सभेस स्पष्ट विनंती आहे.

जाऊबाईंनी पुढल्याच वर्षी पुन्हा साचे काढले. माल रात्रीच्या गाडीने जातो, प्रत्येक नग भुशात बसविलेला असतो, आणि आगाऊ निम्मी रक्कम आल्याशिवाय त्या मेण वितळवीत नाहीत. पाटल्या अद्याप झालेल्या नाहीत. थोरली मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

त्यांनी केलेले काही नग पलीकडच्या टेबलावर मांडलेले आहेत. पंख्याखाली आहेत, तरी कृपया हाताने दाबून पाहू नयेत. ज्यांना साचा ओतताना पाहावयाचे असेल, त्यांनी चहा झाल्यावर मागल्या पडवीत यावे. शाडू भिजवून ठेवला आहे.