खारा वारा आणि आपली इमारत
(रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला ‘समुद्रकिनारी पर्यावरणपूरक बांधकाम’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी इंजिनिअर नाही. आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे ताळेबंद तेवढा वाचता येतो. तेव्हा आज आपल्या इमारतीचाच ताळेबंद मांडतो.

आपण रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. संध्याकाळी गॅलरीत बसलं की छान वारा येतो, पण तो मीठ घेऊन येतो. पावसाच्या पाण्याबरोबर हे मीठ बारीक भेगांतून आत झिरपते आणि सळईपर्यंत पोचते. चांगल्या काँक्रीटचा अल्कधर्मी गुण सळईला गंजापासून जपत असतो. मिठातले क्लोराइड ते कवच मोडते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. पार्किंगमधल्या कॉलमवर उभ्या चिरा दिसतात ना, त्या अशा. वरून प्लास्टर आणि रंग मारला की चीर झाकते, गंज थांबत नाही. आमच्या भाषेत हे चक्रवाढ व्याज!

आपल्या पूर्वजांनी घरं बांधली ती जांभ्याची. उतरतं कौलारू छप्पर, रुंद वळचण आणि पुढे पडवी. भिंतीला झड लागू द्यायची नाही, हे साधं सूत्र. इथला थिबा राजवाडा १९१० पासून उभा आहे, तोही जांभ्याचा आणि उतरत्या छपराचा. चार मजली इमारत तशी बांधता येणार नाही, पण सूत्र तेच ठेवता येतं. छज्जे पुरेसे रुंद हवेत आणि त्यांच्या खालच्या कडेला खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीकडे ओघळत नाही. नैर्ऋत्येकडची बाजू दर पावसाळ्याआधी तपासायला हवी.

भारतीय मानक आयएस ४५६ हे २००० साली सुधारले गेले. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटची गणना त्यात ‘तीव्र’ परिस्थितीत होते. अशा ठिकाणी सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण आणि किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट सांगितले आहे. आपल्याकडे प्रत्यक्षात किती आवरण आहे, हे यंत्राने मोजता येते. फिनॉल्फ्थॅलिन शिंपडले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते. जिथे रंग येत नाही, तिथे अल्कधर्मी गुण संपलेला असतो. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यानंतर दर ३ वर्षांनी करायचे असते.

दुरुस्ती करताना एक पथ्य पाळावे. बोअरचे मचूळ पाणी किंवा न धुतलेली खाडीची वाळू वापरू नये. नाहीतर ज्या मिठाशी भांडायचे, तेच आपण हाताने आत घालू.

आता पैशांचं. उपविधींनुसार सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरसाल. त्या वेळचा खर्च एका फ्लॅटला ५ लाख धरला, तर वर्षाला १,२५० रुपये, म्हणजे महिन्याला १०४. पंचवीस वर्षांत मुद्दल ३१,२५०. सिमेंट, मजुरी मात्र आजच्या भावाने! ‘किमान’ या शब्दाकडे लक्ष द्या. ही रक्कम वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा, म्हणजे तुमचाच आहे.

पाण्याचा हिशोब वेगळाच आहे. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ४,००० चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे ११ लाख लिटर पाणी पडते आणि गटारातून समुद्रात जाते. एप्रिल-मेमध्ये आपण टँकर मागवतो. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपशाने गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, की खालचे खारे पाणी ढोबळमानाने ४० फूट वर सरकू शकते. म्हणून गच्चीचे पाणी गाळून जमिनीत जिरवणे हाच आपल्या बोअरचा विमा.

काही तरुण सभासद म्हणतात, “काका, कशाला खर्च? पुढेमागे रीडेव्हलपमेंट होणारच.” होईलही. पण पाडायच्या इमारतीतसुद्धा तोवर माणसंच राहतात. शिवाय जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. उभी इमारत आणखी वीस वर्षे टिकवली, तर तेवढे सिमेंट वाचते. आपल्यापैकी अनेकांची आयुष्याची कमाई या चार भिंतींतच आहे.

रौप्यमहोत्सवी निधीतून नवी कमान आणि बाहेरून रंग, असा प्रस्ताव आहे. माझी विनंती एवढीच, की आधी ऑडिट, मग कॉलम, मग गच्चीचे पाणी आणि शेवटी रंग. कमान पुढच्या वर्षी झाली तरी चालेल. कॉलम थांबणार नाहीत.