डॉन हॉलेडर : खेळाडू आणि सेनाधिकारी

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून अगदीं निराळा खेळ आहे. त्यांत चेंडू हातांत घेऊन धांवतात, फेंकतात व झेलतात. संघाची चाल ज्याच्या हातून सुरू होते, त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. आज ज्याची हकीकत सांगावयाची आहे, तो डॉन हॉलेडर मूळचा या जागेचा खेळाडू नव्हता.

त्याचा जन्म १९३४ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील बफेलो शहरीं झाला. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत असतांना चेंडू झेलण्यांत त्यानें असें प्रावीण्य मिळविलें, कीं १९५४ सालीं साऱ्या देशांतील निवडक महाविद्यालयीन खेळाडूंत त्याची गणना झाली. पुढल्या वर्षीं संघास क्वार्टरबॅक उरला नाहीं. तेव्हां अर्ल ब्लेक या शिक्षकानें ती जागा हॉलेडरला घ्यावयास सांगितलें. चेंडू फेंकण्याचें काम त्यास नवें होतें. मिळविलेली कीर्ति पणास लागणार होती. तरी त्यानें ती जागा पत्करली. मिशिगन, सिरॅक्यूज व येल यांच्याकडून संघ हरला, आणि शिक्षकाच्या निवडीवर टीकेचा भडिमार झाला. ब्लेक बधला नाहीं. हॉलेडर मागें सरला नाहीं. अखेर २६ नोव्हेंबर १९५५ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांनीं नौदलाच्या संघास १४-६ असें हरविलें.

न्यूयॉर्क जायंट्स या धंदेवाईक संघानें त्याची निवड केली होती. पण त्यानें सैन्याचीच वाट धरली.

१७ ऑक्टोबर १९६७ रोजीं व्हिएतनाममध्यें, सायगावच्या उत्तरेस ओंग थान येथें, एक अमेरिकन पलटण दबा धरून बसलेल्या शत्रूच्या माऱ्यांत सांपडली. साठांहून अधिक सैनिक पडले. मेजर हॉलेडर त्या पलटणींतील नव्हता. तो वरच्या ब्रिगेडचा मोहीम-अधिकारी होता. हेलिकॉप्टरांतून तो खालीं उतरला, हाताशीं आलेले थोडे सैनिक घेऊन जखमींकडे धांवला, आणि वाटेंतच गोळी लागून पडला. वय अवघें तेहतीस वर्षांचें. मागें पत्नी व चार मुली.

त्या युद्धाच्या न्यायान्यायाविषयीं अमेरिकेंतच तीव्र मतभेद होते. एवढ्या अधिकाऱ्यानें स्वतः धांवावें काय, असेंहि कोणी विचारील. परंतु मैदानावर त्यास निदान शिक्षकानें सांगितलें होतें. त्या जंगलांत सांगणारा कोणी नव्हता. जखमी माणसें पुढें होतीं, एवढेंच त्यास पुरेसें झालें.

२०१२ सालीं त्यास डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हें शौर्यपदक मरणोत्तर देण्यांत आलें.