मुसीकाठचे चहापान
(सुवर्णमहोत्सवी उद्यानोपाहाराच्या प्रसंगी केलेले भाषण)



आपल्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव आज कोठीच्या जुन्या रेसिडेन्सीच्या बागेत साजरा होत आहे. चिवडा आणि चहा यांच्यामध्ये चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. चहा निवू देणार नाही, एवढे आश्वासन देतो.

ही वास्तू जेम्स किर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटाने उभारली. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी तिच्यावर चाल केली. १९४९ पासून येथे मुली शिकू लागल्या. सत्तेचे घर विद्येचे घर झाले.

जवळच मुसी वाहते. २८ सप्टेंबर १९०८ च्या पुरात तिने हजारो माणसे नेली. त्या दिवशी अफझलगंजच्या बागेतील एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे जण वाचले. आधार देताना त्या झाडाने कोणाची जात वा भाषा विचारली नाही. पुढे निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) झाले.

हे सांगण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या घरी दखनी बोलतात. वडील शिंपीकाम करीत. दहावीच्या वर्षी पुस्तकांना पैसे नव्हते, म्हणून आम्ही या संस्थेकडे अर्ज घेऊन आलो. चिटणीसांनी नाव वाचले, गुणपत्रिका पाहिली आणि एवढेच म्हणाले, “मराठीत इतके गुण! उद्या पुस्तके घेऊन जा.” त्या पुस्तकांच्या बळावर आम्ही बी. ए., बी. एड. झालो आणि आज मराठी शिकवितो. आमची चिंचेची फांदी ती हीच.

आज रविवारच्या मोफत मराठी वर्गात नऊच मुले उरली आहेत आणि वर्ग बंद करण्याचा ठराव सभेपुढे आहे. आकडा खरा आहे. पण नवांतील चौघांच्या घरी मराठी बोलत नाहीत, तरी ती येतात. मग आपल्या घरची मुले कोठे आहेत? आम्हीही निर्दोष नाही. आमची मुलगी गेल्याच महिन्यापासून येऊ लागली.

विश्वस्तांना विनंती, एक वर्षाची मुदत द्यावी. आम्ही विनावेतन शिकवू. आपण प्रत्येक घरातून एक मूल पाठवावे. वर्षाअखेर वर्ग भरला नाही, तर ठरावाच्या बाजूने पहिला हात आमचा असेल.

चहा निवला असल्यास क्षमा असावी.