एका प्रांताचे पथ्य

हृदयविकार हा बैठ्या, शहरी, मोटारीतून हिंडणाऱ्या माणसाचा रोग होय, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. खेड्यातला माणूस अंगमेहनत करतो, मोकळ्या हवेत वावरतो, घरचे दूधदुभते खातो. त्याच्या वाटेस हा रोग जाईलच कशाला? या समजुतीचे सर्वांत जबर खंडन झाले ते फिनलंडमधील उत्तर कारेलिया नावाच्या एका रानवट प्रांतात.

फिनलंडच्या पूर्व कडेला, रशियाच्या सीमेस लागून हा प्रांत पसरलेला आहे. अरण्ये आणि सरोवरे यांचाच हा मुलुख. माणसांची वस्ती विरळ, सारी मिळून दोन लाखांच्या आत. पुरुष लाकूडतोड करीत आणि थोडीफार शेती व गाईगुरे सांभाळीत. हाडापेराने मजबूत, थंडीवाऱ्याला न जुमानणारी अशी ही माणसे ऐन कर्त्या वयात कोसळत. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी सात देशांतील मध्यमवयीन पुरुषांच्या हृदयाची तुलनात्मक पाहणी हाती घेतली, तेव्हा १९५९ साली या प्रांतातील इलोमान्त्सी हा भाग तीत समाविष्ट झाला. निष्कर्ष असा निघाला, की सातही देशांत हृद्रोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे ते याच पूर्व फिनलंडमधल्या काटक लाकूडतोड्यांत! १९७० च्या आसपास पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दर लाख पुरुषांमागे वर्षाला ६७२ जण या एका रोगाने दगावत होते. ज्या वयात मुले शिकत असतात आणि शेतावरचे कर्ज फिटायचे असते, त्याच वयात घरचा कर्ता जात होता.

कारण शोधू जाता ते पानावरच सापडले. महायुद्धानंतर या भागात कित्येक कुटुंबांनी जंगल तोडून नवी शेते उठवली. गाय आली, दूध आले, लोणी आले. आणि दारिद्र्याच्या आठवणी ताज्या असलेल्या या लोकांना लोणी म्हणजे बरकत वाटू लागली. पावावर लोण्याचा जाड थर, बटाट्यावर लोणी, जेवताना सायीसकट दुधाचे पेले, जोडीला खारवलेले मासे आणि चरबीयुक्त डुकराचे मांस. भाजीपाला हे गुरांचे खाद्य. आल्यागेल्याच्या पानावर तुपाची धार आखडली तर मराठी गृहिणीला जसे ओशाळे वाटते, तसेच कारेलियातल्या गृहिणीला लोण्याविषयी वाटत असणार. शिवाय निम्म्याहून अधिक पुरुष सिगारेट ओढीत. रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेले, मिठाने रक्तदाब चढलेला, त्यात तंबाखूची भर. एवढ्या सामग्रीपुढे बाहुबळाचे काय चालणार?

या कथेतील उल्लेखनीय गोष्ट अशी, की पहिली हाक प्रांतानेच दिली. जानेवारी १९७१ मध्ये प्रांताधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांनी सरकारकडे अर्ज केला, की आमची माणसे मरत आहेत, काही उपाय करा. १९७२ साली कार्यक्रम सुरू झाला आणि त्याची धुरा पेक्का पुस्का या सत्ताविशीच्या घरातल्या डॉक्टरावर आली. रोग्यांसाठी मोठे इस्पितळ बांधण्याची ही योजना नव्हती. त्यामागचा हिशेब सरळ होता. ज्यांचे रक्त फारच बिघडले आहे असे लोक मूठभर. बेताचे बिघडलेले असंख्य. आणि मरणाऱ्यांत भरणा असतो तो या दुसऱ्या वर्गाचा. तेव्हा निवडक रोगी हुडकून त्यांना पथ्यावर ठेवल्याने प्रांत वाचणार नव्हता. पथ्य साऱ्या प्रांतालाच धरावे लागणार होते.

पण प्रांताला पथ्य सांगावे कसे? नुसत्या पत्रकांनी आणि व्याख्यानांनी माणसाचे जेवण पालटत नाही. (ध्वनिक्षेपित भाषणाने ही कबुली देणे अंमळ अवघडच, परंतु ते खरे आहे.) पुस्का यांच्या मंडळींना वाट सापडली ती ‘मार्था’ या गृहिणींच्या संस्थेत. १८९९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था गावोगाव पसरलेली होती. तिच्या स्त्रियांनी ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ भरवल्या. डॉक्टरांनी चार शब्द बोलावेत आणि मग पंगत बसावी. पदार्थ ओळखीचेच, त्यांचे घराणेही जुनेच. मात्र मांस व चरबी कमी, मीठ कमी, कंदमुळे आणि भाज्या अधिक. जिभेने पास केलेली गोष्ट घरच्या चुलीवर पोहोचायला वेळ लागत नाही. त्याखेरीज ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे अशा शेकडो स्त्रीपुरुषांना या कामासाठी शिकवून तयार करण्यात आले. रक्तदाब तपासून त्याची नोंदवही ठेवण्याचे काम परिचारिकांनी उचलले. पुढे तर कोणत्या गावाचे कोलेस्टेरॉल अधिक उतरते, याच्या गावागावांत स्पर्धा लागल्या.

खरा पेच पुढे होता. लोणी हा या प्रांताचा आहार होता, तसाच तो त्याचा पैसाही होता. शेतकऱ्याने दूध विकायचे, दूधसंघाने लोणी काढायचे, आणि सरकारी डॉक्टराने गावात येऊन सांगायचे की लोणी खाऊ नका! दूधधंद्यातून कडवा विरोध झाला आणि तो अकारण होता असे म्हणता येत नाही. ज्याची गाय हीच मालमत्ता, त्याला ‘लोणी घातक’ हे वाक्य आरोग्याचा उपदेश म्हणून ऐकू येत नाही. पोटावर आलेला पाय म्हणून ऐकू येते. हृद्रोगाने मेलेला शेजारी त्याने पाहिलेला असतो, पण महिन्याचा दूधाचा हिशेबही त्यालाच भागवायचा असतो. आरोग्यप्रचारक बहुधा इथेच थांबतात आणि लोकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होतात. कारेलियात तसे झाले नाही. उत्तरेच्या थंडीत तग धरणारे मोहरीवर्गीय तेलबीचे वाण फिनलंडमध्ये तयार झाले आणि देशातच खाद्यतेल निघू लागले. रानात विपुल पिकणाऱ्या बोरवर्गीय फळांना १९८० नंतर सरकारच्या साह्याने बाजार मिळवून देण्यात आला. कित्येक दूधउत्पादक शेतकरी या फळांच्या लागवडीकडे वळले. सॉसेज बनवणाऱ्या एका स्थानिक कारखान्याने चरबीचा काही भाग काढून तिथे अळिंबी घातली. डॉक्टरांनी शेतकी खाते, कारखानदार आणि दुकानदार यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे गृहिणीच्या हाताशी लोण्याऐवजी दुसरे काही आले.

तंबाखूच्या बाबतीत काम त्या मानाने सरळ झाले. १९७६ च्या राष्ट्रीय कायद्याने जाहिराती बंद केल्या, आणि दूरचित्रवाणीवरून सिगारेट सोडण्याचे जाहीर वर्गही चालले. पुरुषांत धूम्रपान पुष्कळ घटले.

१९७७ पासून ही पद्धती साऱ्या फिनलंडभर लागू झाली. त्या ६७२ या आकड्याचे काय झाले? २००६ साली तो १०३ वर उतरला होता. सहा घरांपैकी पाच घरांतले मरण टळले, असा त्याचा घरगुती अर्थ. शंकेखोरांनी आक्षेप घेतला, की शेजारच्या कुओपिओ प्रांतातही, जिथे आरंभी कार्यक्रम नव्हता, मृत्यू घटले. मग श्रेय कोणाचे? आक्षेप वाजवी आहे. शेजारच्या गावची पंगत आणि देशभरची वर्तमानपत्रे यांना प्रांताची वेस अडवीत नाही, हे त्याचे एक उत्तर. दुसरे असे, की या घटीचा मोठा भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान या तिहींच्या उतारानेच उलगडतो, असे नंतरच्या पाहण्यांनी दाखवले. उरलेला वाटा नव्या औषधोपचारांचा, आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

मात्र कारेलियात कोणी निश्चिंत झाले असेल, तर ते घाईचे ठरले. २०१२ च्या पाहणीत, कित्येक वर्षे उतरत आलेले कोलेस्टेरॉल फिनलंडमध्ये किंचित वर चढलेले आढळले. पाव-बटाटा सोडा आणि स्निग्ध पदार्थ मनसोक्त खा, असे सांगणारे एक आहारमत तेथे फैलावले होते. लोणी पुन्हा ताटात आले होते. आणि या खेपेला ते खाणाऱ्यांत, चाळीस वर्षांपूर्वीचे ते तरणेताठे मृत्यू पाहिलेले लोक थोडेच उरले होते.